उंच हँडल

डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं, मान वाकवून गाडी चालवायची नाही. मला वाटलं, चला, आता मोटरसायकल सुटली. पण नवऱ्याने लांबच्या प्रवासाची ती जड गाडी शहापूरला नेली आणि तिला उंच हँडल बसवून खर्डीला परत आणली.

"आता कसं ताठ बसता येतं बघ," म्हणाले. मला मात्र ते हँडल शिंगांसारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंगणातून गाडी काढत होते. मी फाटक धरून उभी. ह्यांनी हँडल पूर्ण डावीकडे वळवलं आणि इंजिन एकदम किंचाळलं. गाडीने उसळी घेतली, माझ्या अंगावरच आली. मी बाजूला झाले. गाडी सरपणाच्या ढिगात घुसून बंद पडली.

"रेस कशाला दिलीत?" मी ओरडले.

"मी नाय दिली गो!"

मी म्हटलं, "स्टँडवर लावा आणि परत वळवून दाखवा." न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करून ह्यांनी हँडल डावीकडे नेलं. आवाज चढला. सरळ केलं, उतरला. हँडल उंच झालं होतं, पण रेसची वायर जुनीच, आखूड. वळवलं की ताणली जायची. काल येताना रस्ता सरळ, म्हणून कळलं नाही. पुढच्या ब्रेकचा पाइपही दोरीसारखा ताठ झाला होता. तो हायवेवर तुटला असता तर, हा विचार मला दिवसभर सोडेना.

गाडी टेम्पोत घालून पुन्हा शहापूरला गेली. लांब वायरी आल्या, पाइप बदलला. "आता चल माझ्याबरोबर, खात्री होईल," हे म्हणाले. मी नको म्हणाले असते तर हे एकटेच गेले असते. म्हणून मी मागे बसले.

मुरबाड मागे पडलं. प्रत्येक वळणावर मी श्वास रोखून इंजिनचा आवाज ऐकत होते. वैशाखऱ्याला चहाला थांबलो. समोर माळशेजचा घाट धुक्यात बुडालेला.

"वर जायचं?" ह्यांनी विचारलं.

"नको. तुमची मान दुखतेय का?"

"नाय. अजिबात नाय."

वाद न घालता ह्यांनी गाडी परतीच्या रस्त्याला वळवली. घरी मी उतरले तेव्हा ह्यांचा शर्ट दोन्ही बाजूंनी चुरगळला होता आणि माझी बोटं सरळ होत नव्हती.