कान कापणारीची नात

“आजीचं लग्न झालं होतं, की नुसतंच?”

असं विचारलं त्याने. बाहेर सोफ्यावर बसलेल्यांनाही ऐकू जावं, एवढ्या मोठ्याने. कॉलेज रोडवरचं ऑफिस. काचेचं दार, एसी, भिंतीवर लंडनची वेळ दाखवणारं घड्याळ. दाराशी बसलेली पोरगी कॉम्प्युटरमागे तोंड लपवून हसली. सोफ्यावर एक जोडपं होतं, मुलाला कॅनडाला पाठवायला आलेलं. त्यातल्या बाईने माझ्याकडे पाहिलं आणि शेजारी ठेवलेली पर्स मांडीवर ओढून घेतली.

मी चव्वेचाळीस वर्षांची बाई. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, सेकंड शिफ्टला जायचं म्हणून घातलेला. मी मांडीवरची फाइल टेबलावर ठेवली.

त्याच्या आधी त्याने माझं पूर्ण नाव विचारलं होतं. मग आडनाव पुन्हा एकदा विचारलं. मग मूळ गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला, ते. मग म्हणाला, “अच्छा, अच्छा.” आम्हाला हे अच्छा-अच्छा पाठ आहे. आमचा पत्ता लागला की लोक असेच दोनदा बोलतात.

तो व्हिसा कन्सल्टंट होता. सर म्हणायचे सगळे. मीही म्हणायचे. मला गरज होती ना. अडला हरी गाढवाचे पाय धरी.

गरज काय, ते सांगते. इंग्लंडचा एक व्हिसा असतो. तुमचा आजा किंवा आजी तिकडे जन्मलेली असेल, तर नातवंडाला तिकडे जाऊन राहता येतं, काम करता येतं. माझा आजा तिकडे जन्मला होता. गोरा सोल्जर. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वेळी देवळाली कॅम्पात होता. आजी कॅम्पात गवत विकायची. माझा बाप त्या दोघांचा.

बापाला मी अण्णा म्हणते. अण्णांचे डोळे मांजरे. रंग गोरा, उन्हात लालबुंद होणारा. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारली नाही. मांजऱ्या, नाहीतर गोऱ्याची पैदास. मी चौथीत असताना बाईंनी वर्गात विचारलं होतं, “काय गं, तुझे वडील असे कसे? तुमच्यात तर सगळे काळे असतात.” सगळा वर्ग हसला. मीही हसले. काय करणार, हसले. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

सातपूरला एका कंपनीत मी तपासणीवर आहे. पार्ट हातात घ्यायचा, गेजमध्ये घालायचा. बसला तर पास, नाही बसला तर लाल डब्यात. अठरा वर्षं हेच. अठरा वर्षं कंत्राटी. सात महिने झाले की ब्रेक देतात, मग पुन्हा नवीन म्हणून घेतात. ज्यांना मी गेज धरायला शिकवलं ती पोरं पर्मनंट होऊन माझी साहेब झाली. गेल्या वर्षी त्यातल्याच एकाने मला सगळ्यांसमोर ‘ए मावशी’ म्हणून हाक मारली आणि जमिनीवर सांडलेला चहा पुसायला सांगितलं. तो मी पुसला. घरी येऊन ठरवलं, बास. इथून जायचं. पार समुद्रापलीकडे. जिथं माझं आडनाव ऐकून कुणी अच्छा-अच्छा म्हणणार नाही.

तर पुरावा हवा होता. देवळालीला मिशनचा एक जुना दवाखाना होता. त्याची रजिस्टरं आता चर्चमध्ये आहेत. तिथल्या म्हाताऱ्या सिस्टरने तीन रविवार शोधून मला पान काढून दिलं. भल्या बाईचं भलं होवो. इंग्रजीत लिहिलेलं. मूल : मुलगा. आई : चिमा, महार, गवत कापणारी. बाप : त्याचं नाव, त्याचा पलटणीतला नंबर, त्याचं इंग्लंडातलं गाव. ते नाव माझ्याकडे आहे. पण मी ते इथं लिहिणार नाही. आजीचं लिहिलंय तेवढं पुरे.

पानाची झेरॉक्स घेऊन मी अण्णांकडे गेले. मी खुशीत होते हो. नाचतच गेले म्हणा ना. म्हटलं, “अण्णा, बघा, तुमच्या वडिलांचं नाव मिळालं. आजीचं त्याच्यावर प्रेम असणार, नाहीतर रजिस्टर लिहिणाऱ्या पाद्रीला त्याचा नंबर कसा माहीत?”

अण्णा खाटेवर बसले होते. ऐंशी झाली त्यांची. कागदाकडे बघितलंच नाही.

“प्रेम?” म्हणाले. “कोन बोललं तुला?”

मग त्यांनी सांगितलं. जन्मात पहिल्यांदा सांगितलं.

“माय गवत घेऊन जायची क्यांपात, खेचरांसाठी. सतरा-अठरा वर्साची व्हती. एक दिस त्यानं धरली तिला, पागंच्या मागं. तोंडात गवत कोंबलं. तिच्या कंबरंला इळा व्हता. समदं झाल्यावर तो उठून पट्टा बांधाया लागला, तवा हिनं इळा काढला आन हानला. कान उडावला त्याचा. आख्खा. हितून.” अण्णांनी स्वतःच्या कानाला बोट लावलं. “रगत गळत पळाला भडवा, समद्या क्यांपातून.”

मी खाली बसले.

“मंग गावच्या पाटलानं तिला चावडीम्होरं आनलं. गोऱ्यावर हात उचलती म्हनून. पाटलानं सोताच्या हातानं वादीनं झोडपली. पोटात मी व्हतो म्हने तवा. माय मरंपत्तुर पालथी झोपली नाय का उतानी झोपली नाय. कुशीवरच निजायची. दवाखान्यात पाद्रीनं इचारलं, पोराचा बाप कोन? माय बोलली, कान कापल्याला. पाद्री क्यांपात गेला. कान कापल्याला एकच सापडला. लिवलं त्याचं नाव.”

म्हणजे आजीने विळा चालवला नसता तर नावच मिळालं नसतं. शेकडो गोरे होते तिथं. बाकीच्या किती बायकांच्या पोरांचे बाप कुठल्याच कागदावर नाहीत.

आणि तरीही, ऐका, तरीही मी दुसऱ्या दिवशी कन्सल्टंटकडे गेले. हे मी लपवणार नाही. मला जायचं होतं. अण्णांनी सांगितलेलं मी मनात एका बाजूला सारलं, लाल डब्यात टाकावं तसं.

लग्नाचा तो प्रश्न त्याने तेव्हाच विचारला. त्याला मी काहीच सांगितलं नाही. तोच म्हणाला, “हे बघा ताई, नुसत्या रजिस्टरवर तिकडचा ऑफिसर संशय घेतो. फॅमिली दिसली पाहिजे. आमचे काका रामकुंडावर पुरोहित आहेत. त्यांच्याकडे गावोगावच्या वंशावळीच्या वह्या आहेत, शे-दोनशे वर्षांच्या. कोर्टातसुद्धा चालतात. तुमच्या गावच्या पानावर जागा असेल तर काका एक ओळ घालतील. तुमची आजी आणि साहेब, गांधर्व विवाह. जोडीला तुमचं ॲफिडेव्हिट. झालं काम.”

मी हो म्हटलं.

पंचवटीत काकांच्या घरी गेलो. ओटीवर सतरंजी होती. मी टेकणार तेवढ्यात काका म्हणाले, “तिथं नको, पायरीशी बस. उजेड चांगला आहे.” कन्सल्टंट सतरंजीवर बसला. त्याला तांब्याच्या भांड्यातून पाणी आलं. मला कागदी कपात. काकांचे दात नवे होते, हातात मोबाइल होता, मोबाइलवर कुणाला तरी श्राद्धाची वेळ देत होते. जमाना बदलला म्हणतात. बदलला खरा. पूर्वी वरून ओतायचे, आता कप मिळतो.

काकांनी लाल फडक्यातली लांबलचक वही सोडली. गावाचं नाव विचारलं. पानं उलटत गेले आणि थांबले. मी पायरीवरून मान उंच करून पाहिलं. मोडी मला येत नाही, पण पुढची पानं देवनागरीत होती. पाटलाचं घराणं. बाप, आजा, पणजा, त्यांचे भाऊ, त्यांची लग्नं. कोण कधी अस्थी घेऊन आला, कोणी कधी गोदान दिलं. सात पिढ्या. त्यात तोही होता. चावडीवाला. कुठल्या साली काशीयात्रा करून आला, ते ठसठशीत अक्षरात.

मी विचारलं, “आमच्या लोकांची पानं?”

“तुमची नाहीत आमच्याकडे,” काका म्हणाले. “तुमचे लोक कुठं येत होते कुंडावर? म्हणून तर आता घालतोय.”

येत होते कुठं, म्हणे! येऊ देत होतात का?

पाटलाच्या नावांखाली दोन बोटं कोरी जागा होती. काकांनी दौत काढली, बोरू काढला. जुन्यासारखं दिसायला हवं ना. लिहिता लिहिता विचारलं, “जात काय लावू? कुणबी लावतो. बरं दिसतं.” आणि लिहिलं. सौभाग्यवती चिमाबाई. पुढे त्या हरामखोराचं नाव.

कन्सल्टंटने ॲफिडेव्हिट माझ्यापुढे धरलं. स्टॅम्प पेपरवर टाइप केलेलं. ‘माझी आजी व सदर इसम यांचे परस्परसंमतीने प्रेमसंबंध होते व ते पती-पत्नी म्हणून राहत होते.’ मी पेन घेतलं. टोक कागदावर टेकलंसुद्धा. एक सही, की मी विमानात.

तेवढ्यात काका हसून बोलले. प्रेमाने बोलले, तेच तर. आजही शब्द न् शब्द कानात आहे.

“नशीब काढलं हो तुझ्या आजीने. नाहीतर कुठला गोरा हात लावतो तुमच्यातल्या बाईला?”

तळपायाची आग मस्तकात गेली. मी पायरीवरून उठले. ओटीवर चढले, चपलेसकट. दौत उचलली आणि त्या पानावर पालथी केली. सौभाग्यवती चिमाबाई बुडाली. कुणबी बुडाला. शाई वर सरकली तसा तो पाटील, त्याची काशीयात्रा, त्याचे बापजादे सगळे काळे झाले. काका ओरडायला लागले, “विटाळ केला! नासवली वही!” मी ॲफिडेव्हिट त्यांच्यासमोर फाडलं. आडवं, मग उभं.

कन्सल्टंटने माझं मनगट धरलं. घट्ट. “लायकी दाखवलीस शेवटी,” म्हणाला.

मी दुसऱ्या हाताने कानाखाली ठेवून दिली. अठरा वर्षं लोखंड उचललेला हात आहे माझा. तो भिंतीला लागला आणि खाली बसला. कान धरून बसला होता. मी वाकून त्याला म्हटलं, “माझ्या आजीवर बलात्कार झाला होता. तिने त्याचा कान कापून हातात दिला. तुझा अजून जागेवर आहे, नशीब समज.”

माझी फाइल त्याच्या बॅगेतून मीच काढून घेतली. तो म्हणाला, पोलिसात जाईन. म्हटलं, चल, आत्ता जाऊ. तू मारहाणीची दे, मी ॲट्रॉसिटीची देते, आणि खोट्या नोंदी कुठल्या वहीत किती घातल्या तेही सांगू. तो आला नाही. आजपर्यंत त्याचा फोनसुद्धा नाही.

गाडीवर बसले. रडले. भीतीने नाही. आणखी एका क्षणात मी माझ्या आजीला त्या सोल्जरच्या पलंगावर राजीखुशीने नेऊन बसवणार होते, म्हणून रडले. तिला गोऱ्याने ओरबाडलं, पाटलाने झोडपलं, आणि तिसरा घाव मी घालणार होते. तोही सहीनिशी. स्वतःची घाण वाटली मला.

घरी जाऊन अण्णांना सगळं सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आता जायचं नाय म्हनतीस का काय?”

“जाणार,” मी म्हटलं. “अर्ज करणार. पण खरं लिहून.”

“लिव मंग. माझी सहीबी खाली घे.”

चार रविवार लागले. फॉर्म मी स्वतः भरला, मोबाइलवर शब्द शोधून शोधून. जोडीला पत्र लिहिलं. माझं इंग्रजी कच्चं आहे, म्हणून वाक्यं लहान लिहिली. माझी आजी चिमा. ती महार होती. ती गवत कापायची. तुमच्या सोल्जरने तिच्यावर बलात्कार केला. तिने त्याचा कान कापला. म्हणून त्याचं नाव रजिस्टरमध्ये आहे. त्यांचं लग्न झालं नव्हतं. त्यांचं प्रेम नव्हतं. तिचा मुलगा माझा बाप आहे. मी त्याची मुलगी आहे. कायदा तुमचा आहे, त्या कायद्याने मला यायचा हक्क आहे. खाली अण्णांनी सही केली. एकेक अक्षर दाबून, कागद फाटेल इतकं दाबून.

मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले, कागद दिले. काउंटरवरच्या मुलीने पत्र वाचलं. वर पाहिलं. हळूच म्हणाली, “मॅडम, हे पत्र नाही जोडलं तरी चालेल.”

मी म्हटलं, “मला चालणार नाही.”

उत्तर अजून आलेलं नाही. उद्या सकाळी फर्स्ट शिफ्ट आहे. चहा सांडला तर ज्याचा त्याने पुसायचा, हे मी साहेबाला तोंडावर सांगितलंय. काढायचं तर काढ म्हटलं.

नकार आला तर पुन्हा अर्ज करीन. पुन्हा हेच पत्र जोडीन, एक अक्षर न बदलता. तिकडे गेले आणि कुणी विचारलं, तू कोणाची, तर त्या सोल्जरची नात म्हणून सांगणार नाही. त्याच्या नावाचा कागद मी दाराला लावायच्या किल्लीसारखा वापरीन, बस्स. मी चिमाची नात. जिने कान कापला, तिची.