जाड बाईचा उपास

बागेच्या फाटकाशी एक जाड बाई मोसंबीचा रस औषधासारखा घोट घोट पीत होती. तिला पाहून मला माझी थोरली बहीण, सुमाताई, आठवली. भावजी, तिचा नवरा, चारचौघांत तिच्या जाडीवरून बोलायचे, म्हणून तिने रात्रीचं जेवण सोडून फळांचा रस धरला होता. वजन हललं नाही, उलट साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, "तुमचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाहीये. रस बंद करा, फळ चावून खा."

"नुसत्या रसाने कोण फुगतं, डॉक्टर? चोरून खात असणार," सोबत आलेले भावजी हसत म्हणाले.

जाड बाईच्या उपासावर कुणाचा विश्वास बसत नाही. तिचं शरीरच तिच्याविरुद्ध साक्ष देतं. घरी येऊन ताईने सगळ्यांना वाढलं आणि स्वतः स्वयंपाकघराचं दार लावून जेवली. अजूनही ती तशीच जेवते.