रजेचा अर्ज आणि कमरेची सुपारी

आमच्या शाळेत कामं वाटून देण्याची एक जुनी रीत होती. ती कुठंही लिहिलेली नव्हती, पण सगळ्यांना पाठ होती. जनगणनेसाठी शिक्षकांची नावं कळवायची असली की माझं नाव पहिलं. निवडणुकीचं काम खानापूरच्या जंगलातल्या एखाद्या गावात लागलं तर मी. दिवाळीच्या सुट्टीत दहावीचे जादा तास घ्यायचे असले तरी मीच. एकदा कारण विचारलं, तर हेडमास्तर अगदी मायेनं म्हणाले, "बाई, तुम्हाला काय, पुढं ना मागं कोण. बाकीच्यांस्नी संसार हाइत."

मी लग्न केलेलं नाही. ठरवून केलेलं नाही, असं सांगितलं तर लोकांना वाटतं, काहीतरी वाईट घडलं असणार. मग ते माझ्याकडे इतक्या दयेनं बघतात, की काय बरं घडलं असेल असा मलाही प्रश्न पडतो. काही घडलेलं नाही. खानापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरात जन्मले, गुडघाभर चिखलात भात लावला, शिकले आणि बेळगावात मराठी शिकवायला आले. स्थळं आली आणि गेली. स्वभाव तिखट आहे, हे मला मान्य आहे.

पण माझ्या पुढं-मागं कोणी नाही, हे साफ खोटं होतं. माझ्या घरात माझी मैत्रीण राहते. तिच्याशी ओळख झाली तीसुद्धा लग्न न केल्यामुळेच. पंधरा वर्षांपूर्वी मी टिळकवाडीत भाड्यानं घर शोधत होते आणि जिथं जाईन तिथं ‘फक्त फॅमिलीसाठी’ असं ऐकून परत येत होते. एका बंगल्याच्या मालकांनी दारातच विचारलं, "मिस्टर कुठं असतात?"

"अजून यायचेत," मी म्हटलं.

"कधी येणार?"

"त्यांनी काही कळवलेलं नाही."

दार बंद झालं. माझ्या मागं जिन्यात एक बाई उभी होती, ती हसता हसता पायरीवर खालीच बसली. तीही घरच बघायला आली होती, तीही एकटीच होती आणि माझं उत्तर ऐकल्यावर तिनं बेल वाजवायचे कष्टही घेतले नाहीत. समोरच्या गाड्यावर आम्ही चहा घेतला. चहा संपेपर्यंत दोघींनी मिळून घर शोधायचं ठरलंसुद्धा. पुढं एका निवृत्त परिचारिकेनं आपल्या घराचा मागचा भाग आम्हाला दिला. "पाणी जपून वापरा, बाकी तुमचं तुम्ही बघा," एवढीच तिची अट होती. ती अट आम्ही अजून पाळतो.

मैत्रीण वडगावच्या विणकराच्या घरातली. खडेबाजारात साड्यांच्या दुकानात काम करते. दोन बोटांत पदर धरला की सूत कुठलं आणि भेसळ किती ते सांगते. माझी अत्यंत आवडती ‘शुद्ध सुती’ साडी निम्मी पॉलिस्टर आहे, हे तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं आणि मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. स्वयंपाक तिचा, बाजार आणि भांडी माझी. भांडण झालं तरी ताटं दोन वाढली जातात. या सगळ्याला नाव काय द्यायचं, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. तो गेल्या वर्षी शाळेनं पाडला.

गेल्या वर्षी तिला पोटाचा त्रास सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, गर्भाची पिशवी काढायला हवी. दवाखान्यातून घरी येताना ही रिक्षात मला म्हणते, "एवढी वर्सं ठेवली, पण घडीबी मोडली न्हाय बग. तशीच परत चालली." रिक्षावाला आरशातून बघत राहिला. मला हसू आवरेना. घरी आल्यावर मात्र ती लसूण सोलत बसली आणि मान वर न करता म्हणाली, "मला भुलीचं लई भ्या वाटतंय गं. डोळं उघडलं की तू दिसाय पायजेस. बास."

मी म्हटलं, "त्यात काय, असतेच की मी."

आणि ऑपरेशनची तारीख नेमकी सहलीच्या दिवसांत आली. तीन दिवस बदामी-ऐहोळे, मुलींसोबत शिक्षिका म्हणून अर्थातच मी. मी रजेचा अर्ज लिहिला, कारण लिहिलं, ‘घरच्या माणसाचं ऑपरेशन’, आणि हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"घरचं माणूस म्हणजे कोण बाई?"

"माझ्यासोबत राहते ती."

"ती तुमची कोण लागते?"

"लागत काही नाही. चौदा वर्षं एकत्र राहतो."

"मग कसं जमायचं? सहलीच्या दिवसांत रजा कुटुंबातलं कोण आजारी असंल तरच, असा नियम हाय. आणि तुमच्याऐवजी कुणाला पाठवू? दुसऱ्या बाईंस्नी घरदार हाय, पोरं हाइत." हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. अर्ज परत देतानासुद्धा त्यांनी मला चहा विचारला.

मी स्टाफरूममध्ये आले आणि कपाटाचं दार असं आपटलं, की वरचा कर्नाटकचा नकाशा खिळ्यासकट खाली आला. घरी सांगितलं, तर मैत्रीण म्हणाली, "जा तू. शाळेशी भांडू नको." आणि नुकतीच धुतलेली मेथी तिनं पुन्हा धुवायला घेतली. तेव्हा मला फार वाईट वाटलं. आयुष्यात तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही मला देता येत नव्हती.

सहलीच्या चार दिवस आधी शाळेत सत्यनारायण होता. संगणकाची नवी खोली झाली होती, तिची पूजा. हेडमास्तर सपत्नीक बसायचे होते. वहिनी निपाणीला माहेरी गेलेल्या, सकाळच्या बसनं येणार होत्या. दहा वाजता फोन आला, आईला बरं वाटत नाही, येणं जमत नाही. चौरंग मांडलेला, शिरा शिजलेला, मुलं रांगेत बसलेली. भटजींना त्या दिवशी आणखी दोन पूजा होत्या. ते म्हणाले, "त्यात काय एवढं? सुपारी घ्या."

ही आपल्याकडची जुनी सोय आहे. पूजेला जोडपं लागतं. बायको हजर नसेल तर यजमानानं कमरेला एक सुपारी खोचायची. ती सुपारी म्हणजेच बायको. हेडमास्तरांनी पितांबराच्या निऱ्यांशेजारी सुपारी खोचली आणि पूजेला बसले. भटजींनी ‘सपत्नीक’ म्हटलं, की ते कमरेला हात लावून बघायचे, आहे ना जागेवर. तिसऱ्या अध्यायाला ते नमस्कारासाठी वाकले आणि सुपारी निसटली. ती गडगडत संगणकाच्या टेबलाखाली गेली. आमचे पीटीचे सर गुडघ्यांवर रांगत गेले आणि आतूनच ओरडले, "सर, वहिनी सापडल्या."

मुलं हसली, शिक्षक हसले, हेडमास्तरही हसले. मीही हसत होते. हातात केळ्यांचं ताट होतं. पण चार दिवसांपूर्वी परत आलेला तो अर्ज मी विसरले नव्हते, आणि माझ्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं.

"सर," मी म्हटलं, "सकाळी बाजारातनं आणलेली सुपारी तुमचं कुटुंब म्हणून देवालासुद्धा चालते. मग चौदा वर्षं माझ्या घरात राहिलेलं जितंजागतं माणूस माझं कुटुंब म्हणून शाळेला का चालत नाही?"

भटजींनी पोथीतून मान वर केली. "प्रश्न बरोबर हाय की," ते म्हणाले. "पण ह्याचं उत्तर पोथीत न्हाय सर. ते तुमीच द्यायला पायजे." आणि त्यांनी चौथा अध्याय सुरू केला.

हेडमास्तरांनी सुपारी परत खोचली आणि पूजा पुढं चालू ठेवली. उत्तर दिलं ते दुसऱ्या मराठीच्या बाईंनी, ज्यांच्या घरदाराची शाळेला एवढी काळजी होती. आरती झाल्यावर तबक फिरवत त्या हेडमास्तरांसमोर आल्या आणि अस्सल बेळगावी बायकी बोलीत म्हणाल्या, "सर, सहलीला मी जातो."

"आणि घरचं?"

"घर कुठं पळून जायलंय? भाकरी त्यास्नीबी येत्यात, करत न्हाईत एवढंच. लगीन झाल्यापासनं मी बदामीला जायचं म्हणालोय. आजवर मला कुणी विचारलंच न्हाय सर."

हे मात्र मला नवीन होतं. इतकी वर्षं मी समजत होते, की सगळं ओझं माझ्याच डोक्यावर आणि या बाई मजेत घरी. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं, आणि त्या ‘कुणी’मध्ये मीही होते. मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

प्रसाद वाटून झाल्यावर हेडमास्तरांनी अर्ज मागवला. ‘मंजूर’ लिहिलं, सही केली. मग खाली आपल्या अक्षरात लिहिलं, ‘कुटुंबातील व्यक्तीचे ऑपरेशन’. मी त्यांच्यापुढं प्रसादाचा आणखी एक द्रोण ठेवला. "सुपारी पडल्याचं आमच्या हिला सांगू नका तेवढं," ते म्हणाले. पण पीटीच्या सरांनी टेबलाखालचा फोटो केव्हाच स्टाफच्या ग्रुपवर टाकला होता, आणि वहिनी त्या ग्रुपवर होत्या.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या खिडकीवरच्या मुलीनं कन्नडमधून विचारलं, पेशंट तुमची कोण? मी म्हटलं, "मनी मंदि." घरची माणसं, असा त्याचा अर्थ. ती चांगली मुलगी होती. पण संमतीच्या कागदावर सही नवऱ्याची नाहीतर रक्ताच्या माणसाची लागते, म्हणाली. हेडमास्तरांचा शेरा तिथं चालणार नव्हता. मग मैत्रिणीच्या धाकट्या भावाला वडगावला फोन केला.

बहिणीनं वेगळं बिऱ्हाड केलं तेव्हापासून हा भाऊ आमच्या घराची पायरी चढला नव्हता. लग्न न करता बहीण परक्या बाईबरोबर राहते, हे त्याला लोकांत सांगता येत नसे. तिला भेटायचं असलं तर दुकानात भेटायचा. तो मागावरून उठून तसाच आला, केसांत सुताचे तंतू घेऊन. तिन्ही कागदांवर न वाचता सह्या केल्या. मैत्रिणीला आत नेलं. आम्ही दोघं एका बाकावर बसलो, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

तासाभरानं मी दोन चहा आणले. त्यानं एक घेतला. समोर बघतच म्हणाला, "तिला भुलीचं भ्या वाटतंय, म्हाईत हाय न्हवं तुमाला?"

"व्हय. सांगितलंय तिनं."

"ल्हानपणी दात काढाय गेलतो, तवा डॉक्टरला चावलीती."

मी हसले. तोही हसला, आणि लगेच चहाच्या कपात बघायला लागला.

शेवटी दार उघडून नर्स बाहेर आली. "शुद्धीवर यायला लागल्यात. घरचं एकच माणूस आत या."

तो उठला. मी बसून राहिले. कागदावर सही त्याची होती, आणि तिथं भांडण करायची माझी अजिबात इच्छा नव्हती. तो दोन पावलं गेला, थांबला आणि मागं वळला.

"आक्का," तो म्हणाला. यापूर्वी त्यानं मला कुठल्याच नावानं हाक मारलेली नव्हती. "तुमी जावा. डोळं उघडल्यावर मी दिसलो तर म्हणंल, तू हितं काय करालास."

मी उठून दाराशी गेले. नर्सनं हात आडवा धरला. "सही तर त्यांनी केली न्हवं? तुम्ही पेशंटच्या कोण?"

घरमालकांना, शाळेला, भटजींसमोर, सगळीकडे मला उत्तरं सुचली होती. तिथं मी नुसतं मागं वळून त्याच्याकडे बघितलं.

"सोडा त्यास्नी आत," मागून तो म्हणाला. "त्या घरच्याच हाइत. मी भाऊ हाय नुसता."