आर्डिस लुओमाचा नियम

कोस्केला गावच्या लोहखनिजाच्या खाणीत आर्डिस लुओमाने एकतीस वर्षे कामगारांची हजेरी लिहिली. खाण निम्मी बंद पडली तेव्हा ती निवृत्त झाली; पण माणसांची हजेरी घेण्याची सवय सुटली नाही. दर गुरुवारी सकाळी चर्चच्या तळघरात ती गावातल्या वृद्धांना संगणक शिकवू लागली. एखादा आला नाही, तर दुपारी ती त्याच्या दारात उभी असे.

तिच्या शिकवणीचा गाभा एकच नियम होता, आणि तो रूडी पेर्टुलामुळे जन्मला होता. सहा वर्षांपूर्वी रूडीच्या पडद्यावर मेसेज झळकला: तुमचा संगणक धोक्यात आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा. रूडीने आयुष्यभर खाणीत सुरुंग उडवले होते. भोंगा वाजला की प्रश्न विचारायचे नाहीत, सांगितले तेवढे करायचे, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेले. त्याने फोन केला, आणि पलीकडच्या मायाळू आवाजाने दोन तासांत त्याची पुंजी लांबवली. नुकसान त्याने सोसले. लाज मात्र सोसवेना. तो अख्खा हिवाळा त्याने घराबाहेर पाऊल टाकले नाही.

तेव्हा आर्डिसने पिवळ्या पट्ट्यांवर ठळक अक्षरांत लिहिले, ‘घाबरवणारा मेसेज खोटा. कोपऱ्यातली फुली मारून बंद करा.’ पहिली पट्टी तिने रूडीच्या पडद्याखाली चिकटवली. मग गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या. बर्फ वितळल्यावर रूडी पुन्हा तळघरात कॉफीला येऊ लागला. हातात काहीतरी पक्के असले की माणूस जगात परततो, हे आर्डिसने त्या वसंतात पाहिले आणि नियमाविषयी पुन्हा विचार केला नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी डेलोरेस स्काल्कोने आपला लॅपटॉप विजयी मुद्रेने टेबलावर ठेवला.

“बघ गं आर्डिस, वर्षभर हाच मेला मेसेज येतोय. पण मी काय फसतेय! आज एक्केचाळिसाव्यांदा फुली मारली.”

“एक्केचाळीस? मी मोजणंच सोडलंय,” मागून कोणीतरी म्हणाले, आणि तळघरात टाळ्या पडल्या.

आर्डिसने चष्मा लावून वाचले. येत्या मंगळवारपासून संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या या जुन्या आवृत्तीसाठी ती बनवणारी कंपनी सुरक्षेच्या दुरुस्त्या देणार नव्हती. मजकूर खरा होता. आर्डिसचा स्वतःचा संगणक नवा असल्यामुळे तिला तो कधी दिसलाच नव्हता. बाकीच्यांनी वर्षभर इमानेइतबारे फुली मारली होती. ते चुकले नव्हते. त्यांनी तिचे ऐकले होते.

पाच दिवसांत एकोणीस घरे गाठायची होती. काही संगणकांवर नवी आवृत्ती चढली. जे फार जुने होते, त्यांना नाव नोंदवून वर्षभराची वाढीव मुदत मिळत होती. रूडीचा संगणक त्यांतला. त्याच संगणकावरून दर सोमवारी डॉक्टर त्याचा श्वास तपासत, औषध बदलत. दवाखाना नव्वद मैलांवर होता आणि त्याच्या फुप्फुसांना थंडीतला तो प्रवास आता झेपत नव्हता. शिवाय त्याचे पेन्शनही याच पडद्यावरून हाताळले जाई. त्याला वगळता येणार नव्हते; पण त्याच्यासमोर आपलाच नियम मोडायचा होता, म्हणून तिने त्याच्याकडे जाणे शनिवारपर्यंत टाळले.

“मंगळवारपासून हा उघडा पडणार, रूडी,” ती म्हणाली.

“कसला उघडा? चालतोय की टुणटुणीत. माझ्यापेक्षा बरा.”

“चालेल हो. पण चोरांना आत शिरायला नवी फट सापडली, तर ती बुजवायला कोणी येणार नाही.”

“म्हणजे संगणक धोक्यात आहे.”

“हो.”

“आणि ताबडतोब काहीतरी करायला हवं.”

“मंगळवारच्या आत.”

“आणि त्यासाठी माझं नाव आणि पासवर्ड द्यायचा.” रूडी खुर्चीत मागे रेलला. “ती फोनवरची बाईसुद्धा अगदी असंच बोलली होती बघ. फक्त तिला कॉफी पाजावी लागली नाही.”

तो हसला. आर्डिसला हसू आले नाही.

संगणकाच्या पोटात काय चालते ते या माणसांना कळणार नव्हते, म्हणून तिने त्यांना खोटेपणाचा चेहरा ओळखायला शिकवले होते: घाई, भीती, पासवर्डची मागणी. आता तोच चेहरा घेऊन सत्य दारात आले होते.

“तुला कसं कळलं हा खरा आहे ते?” रूडीने विचारले. आवाजात आता थट्टा नव्हती.

“कंपनीच्या पानावर जाऊन वाचलं. ग्रंथालयातल्या बाईंना विचारलं.”

“आणि त्यांनी कोणाला विचारलं?”

“नाही माहीत. रूडी, माझा नियम चुकला. तुम्हाला मी अर्धंच शिकवलं.”

“चुकला बिकला काही नाही. त्या पट्टीच्या जोरावर मी माणसांत आलो.” तो धाप लागून थांबला. “ती काढलीस, तर पुढचा मेसेज आला की मी काय करू? खरा की खोटा, कसं ओळखू?”

“मला फोन करा.”

“तू एकाहत्तरची, आर्डिस. तुझी मुदत कधी संपतेय?”

ती समजावू लागली: पानाचा पत्ता कुठे पाहायचा, कंपनीचे पान स्वतः कसे उघडायचे, आलेल्या मेसेजवर न दाबता तीच गोष्ट दुसऱ्या वाटेने कशी पडताळायची. रूडी दहा मिनिटे नीट ऐकत होता. मग त्याची नजर थकली. त्याने कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला.

“तूच टाक. तू म्हणतेस ना, मग झालं.” आणि त्याने आपला पासवर्ड एकेक अक्षर करून मोठ्याने सांगितला.

सहा वर्षांपूर्वी फोनवर त्याने हेच केले होते. आर्डिसची बोटे थबकली. थांबावे, त्यालाच टंकायला लावावे, सोमवारी पुन्हा येऊन पहिल्यापासून शिकवावे, असे तिला वाटले. पण सोमवारी अजून सात घरे उरणार होती, आणि मंगळवार कोणासाठी थांबणार नव्हता. तिने अक्षरे टंकली. वर्षभराची मुदत मिळाल्याचे पडद्यावर आले.

“सुटलो,” रूडी म्हणाला, आणि तिच्यासाठी कॉफी ओतायला उठला.

तिथून ती डेलोरेसकडे गेली. एवढा मोठा वाद निदान एका माणसाने तरी घातला, हे गाडी चालवताना तिला बरे वाटत होते. डेलोरेसने दार उघडले ते हातात कागद घेऊनच. कागदावर तिचे सगळे पासवर्ड ओळीने लिहिलेले होते.

“घे बाई,” ती म्हणाली, “मला काही समजावत बसू नकोस. तुला हवं ते कर.”

आर्डिसने कागद घेतला.