उस्ताद तोक्तोसूनचे ब्रेक

आमचे दाजी तोक्तोसून नारीन गावातले नावाजलेले मेकॅनिक. नावाजलेले म्हणजे त्यांनी स्वतःच स्वतःचं नाव गावभर केलेलं. ‘जुन्या जिगुली गाडीचे ब्रेक करावेत तर मीच,’ असं ते प्रत्येक जेवणावळीत सांगतात आणि सांगता सांगता मटणाचा चांगला तुकडा आपल्या ताटात ओढतात. लोक त्यांना उस्ताद म्हणतात. मी त्यांची मेहुणी. मी काही म्हणत नाही. म्हटलं तर माझ्या बहिणीला ऐकून घ्यावं लागतं.

दाजींची स्वतःची जिगुली मुळात आमच्या वडिलांची. पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि ब्रेक दाबला की डावीकडे ओढायची खोड. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागचा बारीक स्क्रू सैल करून ऑइल सोडायचं. लग्न झाल्यापासून आत बसते माझी बहीण बुरुलाय. अक्कल बाहेर, बायको आत, अशी उस्तादांची वाटणी.

त्या सकाळी त्यांच्या लेकीला, अल्तीनायला, दोलोन घाटापलीकडच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं होतं. दिवस भरत आले होते आणि मूल आडवं होतं. घाटाचा उतार कसा आहे ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

निघण्याआधी ब्रेकमधली हवा काढायला दाजींनी गाडीची मागची बाजू जॅकवर उचलली. या गाडीत मागच्या चाकांपाशी एक दांडी असते. मागे वजन असेल तरच ती मागच्या ब्रेकला पुरेसं ऑइल सोडते. चाकं लोंबकळत ठेवली तर हवा आतच राहते आणि पेडल मऊ लागतं, हे आमचे वडील झोपेतही सांगायचे. पण चाकं जमिनीवर ठेवायची तर उस्तादांना चिखलात पाठ टेकावी लागणार. आणि अंगात नवा कोट.

“मऊ लागतंय,” बुरुलाय म्हणाली.

“दाब. धर. सोड.”

“अजून मऊच आहे हो. ड्रममधले लायनरही दोन्हीकडे सारखे बसलेले नाहीत, डावीकडे ओढणार ती.”

“तुला पेडल दाबायला बसवलंय, भाषणाला नाही.”

आणि त्यांनी शेजारच्या कासमाली बाबांना हाक मारली. “या बाबा, बाता द्या, पोरगी निघाली.”

म्हाताऱ्याने तळहात वर करून प्रवास सुखाचा होवो म्हटलं, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. एकदा अशी आशीर्वादाची बाता झाली की आमच्यात निघालेला माणूस मागे फिरत नाही. पुन्हा बॉनेट उघडणं तर अपशकुनच. दाजींची ही जुनी युक्ती. काम अर्धवट राहिलं की बाता, म्हणजे गिऱ्हाईकाचं तोंड बंद. आपल्या आळसापायी देवाला राबवणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण पोटच्या पोरीशीही हीच युक्ती?

जॅक निघाला. अल्तीनाय पोट सावरत दारात आली. बुरुलाय मात्र जागची उठली नाही. तिने किल्ली फिरवली आणि गाडी गल्लीच्या उतारावर सोडली.

“अगं ए! कुठे निघालीस?” दाजी मागे धावले.

ब्रेकचा लाल दिवा लागला, पण गाडी थांबायच्या ऐवजी डावीकडे ओढली गेली आणि कासमाली बाबांच्या गोठ्याच्या भिंतीवर जाऊन थडकली. पुढचा एक दिवा फुटला.

बुरुलायने खिडकीतून डोकं काढलं. “बाबा, तुमची बाता फळली. निघाले, पोचले, जिवंत आहे. हा प्रवास संपला.”

म्हातारा भिंतीकडे बघत म्हणाला, “संपला खरा. आता दुसऱ्या प्रवासाला दुसरी बाता. पण ती मी चाकं बघून देईन, उस्ताद.”

गाडी ढकलत परत आणली. लायनर सारखे बसवले, डिकीत वजनाला बटाट्याची पोती टाकली आणि चाकं जमिनीवरच राहू दिली. दाजी नव्या कोटासकट चिखलात आडवे झाले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

“झालं का कडक?” खालून आवाज आला.

बुरुलायने पेडल दाबून धरलं आणि उंबऱ्यावर बसलेल्या लेकीकडे पाहिलं.

“नाही. झालं की मी सांगेन. मग पोरगी बसेल. तोवर उठू नका.”

उस्ताद उठले नाहीत.