भिंत पिकेपर्यंत

उभ्या अमेरिकेत माझ्या बायकोच्या मामांइतका घरवेडा माणूस दुसरा नसेल. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर त्यांचं जुनं शिंगल स्टाइलचं घर आहे. छपराला कौलं घालून हौस फिटली नाही म्हणून भिंतींनाही घालावीत, तसं ते दिसतं. फक्त ही कौलं मातीची नाहीत, सीडरच्या लाकडाच्या पातळ फळ्यांची आहेत. त्यांना रंग द्यायचा नाही. खारा वारा खाऊन त्या आपोआप चंदेरी करड्या होतात. पाहुण्याला मामा पाणी नंतर विचारतात, आधी समुद्राकडच्या भिंतीपाशी नेतात. अशा एखाद्या घरावर कुणी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं आवरण, म्हणजे साइडिंग, चढवलेलं दिसलं, की अंत्ययात्रा दिसल्यासारखी गाडी हळू करतात, आणि मागचे हॉर्न वाजवत बसतात. एकदा मी केसांना कलप लावून गेलो, तर म्हणाले, "जावईबापू, तुम्हीसुद्धा साइडिंग करून घेतलंत?"

मामी गेल्या आणि हे सगळं थंडावलं. मुलगी मीनल दूर दक्षिणेतल्या प्लेनोहून रोज फोन करायची, "बाबा, इकडे शिफ्ट व्हा ना." शेवटी मामा हो म्हणाले. "ही दिवाळी इथली शेवटची. मग घर विकतो." बायको त्या दिवशी जेवली नाही. तिचं या देशातलं आजोळ तेवढंच होतं.

निदान शेवटची दिवाळी थाटात व्हावी, म्हणून मामा प्लेनोला घर बघायला गेले असताना मी पाण्याचा जोरदार फवारा मारणारा प्रेशर वॉशर भाड्याने आणला आणि आपल्याकडे सणाला घासतात तसं मामांचं हे घर घासलं. समुद्राकडची भिंत नव्या पाटासारखी पिवळीधमक झाली. मी कौतुकाने बघत होतो, तेवढ्यात बायको बाहेर आली.

"अरे, ही मामांची पिकलेली भिंत होती."

इतकी वर्षं मामांचं ऐकून मी मान डोलावत आलो, पण मनातून तो करडेपणा मला मळच वाटत होता, हे तेव्हा कळलं. नंतर बायकोने पुढे केलेली चकली मी तशीच परत केली.

मामा परत आले. माझं "चुकलं" पुरं होण्याआधीच ते भिंतीशी गेले. हात फिरवला, वास घेतला.

"या फळ्या बसवल्या तेव्हा असाच वास होता. तुमची मामी म्हणाली, हे असं पिवळंच राहणार का हो? करडं व्हायची तिलाच घाई."

"आता किती दिवस लागतील, मामा?"

"दिवस कसले, वर्षं. चार-पाच." मग त्यांनी तिथूनच फोन लावला. "मीनल, मला यायला वेळ लागेल. जावईबापूंनी भिंत तरुण करून ठेवलीय. अशी विकली तर गाव हसेल मला."

"बाबा, आर यू सीरियस?"

"पिकली की येतो."

मी पायरीवरच बसलो आणि बायकोकडे चकली मागितली.

परवा गेलो, तर मामांनी पाणीही न विचारता भिंतीपाशी नेलं. खालच्या कोपऱ्यात करडी छटा आली आहे. "बघा, सुरुवात झाली," ते खुशीत म्हणाले. मीही हसलो. ते पाठमोरे झाल्यावर मात्र त्या कोपऱ्यावर हळूच बोट घासून पाहिलं. निघत नव्हती.