नाक्याला वळसा

टोलच्या आंदोलनात आमचं गाव शेवटपर्यंत फुटलं नाही, असं आजूबाजूच्या गावांत अजून सांगतात. मी ऐकतो आणि गप्प बसतो. गाव फुटलं होतं आणि ते माझ्याच दुकानात फुटलं होतं.

आमचं गाव नळदुर्गजवळ, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून. माझं दुकान चावडीसमोर. सातबारा, पीकविमा, आधार दुरुस्ती, रेल्वेचं तिकीट, कॉम्प्युटरवर जे जे होतं ते माझ्याकडं होतं. रस्ता चौपदरी झाला तेव्हा गावातल्या बऱ्याच जणांच्या जमिनी त्यात गेल्या आणि गावापासून हाकेच्या अंतरावर टोलनाका आला. सुरुवातीला त्याचा त्रास नव्हता. नाक्यावर आपल्याच भागातली पोरं बसायची. गावाचं नाव सांगितलं, आधार कार्ड दाखवलं, की दांडा वर जायचा. मग रोख घेणं बंद झालं, काचेवर फास्टॅग चिकटवा म्हणाले आणि दांड्याच्या वर कॅमेरा बसला. कॅमेऱ्याला गावाचं नाव सांगून काय उपयोग?

कुणाचं घर नाक्याच्या अलीकडं होतं आणि शेत पलीकडं. आपल्याच रानातला कडबा टेम्पोत घालून घरी आणायचा तरी टोल. लोक चिडले, आणि चिडण्यासारखंच होतं ते. धाराशिवला जाऊन निवेदन दिलं. दोनदा रस्ता रोको केला. दुसऱ्या वेळी पोलिसांच्या काठ्या बसल्या आणि त्याच संध्याकाळी सगळं गाव खंडोबाच्या देवळात जमलं. गावच्या गाड्या फुकट सोडत नाहीत तोवर कुणी टॅग काढायचा नाही आणि नाक्यातून गाडीही न्यायची नाही, असं ठरलं. नुसतं ठरलं नाही, एकेकानं पुढं होऊन बेलभंडारा उचलला. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन देवासमोर दिलेला शब्द आमच्याकडं मोडत नाहीत. मोडला तर घराला लागतो म्हणतात. मीही उचलला, कुणाला टॅग काढून देणार नाही म्हणून. मला त्या वेळी भरून आलं होतं, हे आता सांगायला लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून गाड्या पाणंदीनं जाऊ लागल्या. ती वाट रानातून ओढ्यात उतरायची आणि नाक्याच्या पलीकडं मोठ्या रस्त्याला लागायची. अंग खिळखिळं व्हायचं, वेळ दुप्पट लागायचा, पण लोक हसत जायचे.

दहा-बारा दिवस गेले असतील. भर दुपारी आंदोलनाचा पुढारी माझ्या दुकानात आला. देवळात सगळ्यांत मोठं भाषण यानंच केलं होतं. आत आला आणि स्वतःच शटर अर्धं खाली ओढलं.

"पोरीच्या लग्नाची खरेदी हाय सोलापूरला," तो म्हणाला. "पाव्हणेरावळे गाडीत. त्यास्नी का पाणंदीनं आदळत नेऊ?"

"आणि भंडारा?"

"देवाला समजतंय समदं. गावाला समजू देऊ नको म्हंजी झालं." मग आवाज उतरवून त्यानं विचारलं, "आजून कुणी आलतं का?"

"न्हाय," मी म्हणालो, आणि ते त्या दिवशी खरं होतं.

मी काढून दिला टॅग. नाही म्हणायची हिंमत नव्हती आणि चार पैसे सुटत होते, दोन्ही खरं. त्यानंतर दुधाचा टेम्पोवाला आला. मग आडत व्यापारी, मग सरपंचांचा पुतण्या. प्रत्येकाकडं कारण होतं आणि प्रत्येक जण जाताना तोच प्रश्न विचारायचा, अजून कुणी आलं होतं का. मी प्रत्येकाला नाही म्हणालो. प्रत्येकाला वाटत होतं, एवढ्या निष्ठेच्या गावात आपणच एक चोर. टॅग काचेला कुणीच चिकटवला नाही. पुढच्या खणात ठेवायचा, नाका आला की हातानं काचेला धरायचा, दांडा वर गेला की परत खणात. गावातून निघताना पाणंदीकडंच निघायचं आणि पहिला ऊस आडवा आला की वळून हायवेला लागायचं. मला गंमत वाटायची. सगळ्या गावाची अंडीपिल्ली आपल्याला ठाऊक आहेत या तोऱ्यात मी काही महिने मजेत काढले.

अप्पा मात्र आले नाहीत. अप्पा म्हणजे माझ्या शेजारच्या गल्लीतले जीपवाले. जुनी जीप, तिच्यात बाजाराची माणसं ने-आण करून त्यांनी संसार केला. त्यांच्या बायकोला सगळं गाव आक्का म्हणायचं. आक्काच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला सोलापूरला न्यावं लागायचं आणि अप्पा तिला पाणंदीनंच न्यायचे. मागच्या सीटवर गोधडी घालून तिला निजवायचे. तरी ओढ्यात गाडी उतरली की ती कण्हायची, हे तेच मला सांगायचे.

संध्याकाळी ते माझ्या दुकानाच्या बाकड्यावर चहा घ्यायला बसत. एकदा म्हणाले, "एक इचारू का? खरं सांग. आजवर तुझ्याकडं टॅग काढाया कुणी आलंय?"

मी कॉम्प्युटरकडं बघत होतो. "का हो अप्पा?"

"आक्काला लई तरास व्हतोय रं त्या वाटंनं. परवा म्हणली, मला नेऊच नगा, हितंच मरू द्या. कुणी एकानं जरी मोडलं असलं न्हवं, तर म्या बी मोडीन. पण पयलं आपुन व्हायचं न्हाय. पयल्यामुळं गाव फुटतं."

"नाक्यावर सांगा की, आजारी माणूस हाय म्हणून. सोडतील."

"त्यांच्याफुडं हात जोडायचे असते तर भंडारा कशाला उचलला?"

बोलताना त्यांच्या पाठीमागून पुढाऱ्याची गाडी गेली. अप्पांनी वळून हात वर केला, त्यानंही केला. माझ्या तोंडाशी आलं होतं. एक नाव सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण एक नाव सांगितलं असतं तर बाकीची निघाली असती, त्यातून माझं नाव निघालं असतं, आणि माझा भंडाराही. दुकानाचं काय झालं असतं कुणास ठाऊक.

"न्हाय अप्पा," मी म्हणालो. "कुणीच न्हाय आलं."

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. चहा संपवून ते गेले. मीही त्या रात्री व्यवस्थित जेवलो, झोपलो. तेव्हा काही टोचलं होतं असं आता लिहिलं तर ते खोटं होईल.

भाद्रपदात तीन दिवस झड लागली. डायलिसिसची एक खेप चुकली. चौथ्या दिवशी सकाळी नवाच्या सुमाराला आक्काला धाप लागली आणि अप्पा तिला जीपमध्ये घालून पाणंदीनं निघाले. थोड्या वेळानं कुणीतरी ओरडत आलं, जीप ओढ्याच्या अलीकडं रुतलीय. आम्ही पळालो.

काळ्या रानातला चिखल. चाकं निम्म्याच्या वर आत गेली होती. आक्का मागं बसून होती. आडवं होता येत नव्हतं तिला, दोन्ही हातांनी पुढची सीट धरून ती श्वास ओढत होती. तो आवाज इंजिनाच्या आवाजातही ऐकू येत होता. आम्ही जीप ढकलू लागलो. कुणी ट्रॅक्टर आणायला गेलं, तर तोही वाटेत घसरला. रुग्णवाहिकेला फोन लावला, ती लांब होती.

ढकलताना मी बाजूला बघितलं. माझ्या उजवीकडं पुढारी होता. त्याच्या पलीकडं दुधाचा टेम्पोवाला, मागं सरपंचांचा पुतण्या आणि आडत व्यापारी, गुडघाभर चिखलात, तोंडं लाल झालेली. चौघांच्या गाड्या गावात उभ्या होत्या. आक्काला खांद्यावर घेऊन गावात न्यायचं, कुठल्याही एका गाडीत घालायचं आणि नाक्यातून सरळ सोलापूर. हे त्यांना सुचलं नसेल असं मी मानत नाही. चौघंही मान खाली घालून ढकलत राहिले, कारण प्रत्येकाला वाटत होतं की टॅगची चोरी आपल्या एकट्याचीच आहे आणि बोललो तर सगळ्या गावादेखत उघडे पडू. ही चोरी चौघांची आहे हे तिथं एकालाच माहीत होतं. तो मी. आणि मीही ढकलत राहिलो.

जीप निघायला पाऊण तास लागला. आक्का सोलापूरला पोचली, पण दवाखान्याच्या दारात गेली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

मातीला सगळं गाव होतं. पुढारी ढसाढसा रडला आणि ते रडणं खोटं नव्हतं. शब्द मोडला की घराला लागतो म्हणतात. ज्याला लागलं त्यानं तो मोडलाच नव्हता. त्या दिवसापासून माझा देवावरचा विश्वास उडाला की माणसांवरचा, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

दोनेक महिन्यांनी अप्पा दुकानात आले. पायरीवर थोडा वेळ उभे राहिले, मग आत आले. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी गाडीचे कागद काढून माझ्यासमोर ठेवले.

"सुनंचं दिवस भरत आलेत," ते म्हणाले. "सोलापूरलाच न्यावं लागंल म्हणलेत. पुन्यांदा त्या वाटंनं न्यायचं माझं काळीज व्हत न्हाय. टॅग काढून दे."

मी कागद घेतले. आता तरी सांगावं असं फार वाटलं. पण आता काय सांगणार होतो? आक्का उगाच गेली, हे? मी गाडीचा नंबर टाकायला लागलो. दोनदा चुकला.

"देवाची माफी मागून आलोय," अप्पा म्हणाले. "पण गावाला बोलू नको. एवढ्या समद्यांनी पाळलंय आन म्या एकट्यानं मोडलं. मला तोंड दाखवाया जागा ऱ्हाणार न्हाय."

"न्हाय बोलत, अप्पा."

बाकीचे सगळे माझ्या दुकानातून टॅग खिशात घालून ऐटीत बाहेर पडले होते. अप्पा दाराशी थांबले, रस्त्यावर कुणी नाही ना हे बघितलं आणि मान खाली घालून घराकडं गेले.